उतार फुकट असतो

भोसरी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये माझं काम तपासणीचं. दुसऱ्याने केलेला वेल्ड घासून, रंग लावून, मशीन फिरवून बघायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. आईने पालीच्या बल्लाळेश्वराला नवस बोललेला, त्यामुळे २०१२-१३ मध्ये आमचं खोपोली-पाली रस्त्याने जाणं-येणं बरंच झालं. त्याच रस्त्यावर सांगडेवाडीला तेव्हा ॲडलॅब्जच्या मनमोहन शेट्टींचं ‘इमॅजिका’ पार्क उभं राहत होतं आणि त्यात ‘नायट्रो’ नावाचा रोलर कोस्टर. आई दर्शनाला निघायची. मी वाटेत गाडी कडेला लावून क्रेनकडे बघत बसायचो. आमच्या शॉपचे फोरमन बऱ्याचदा सोबत असत. त्यांना लहानथोर सगळे मामा म्हणतात. खाली जे मांडलंय ते त्या बघण्यातून, नंतरच्या वाचनातून आणि मामांशी घातलेल्या वादांतून आलेलं आहे.

१. पहिले कित्येक महिने बघण्यासारखं काही नसतं

रोलर कोस्टर म्हटलं की डोळ्यांपुढे वळणं येतात. जागेवर मात्र आधी खड्डे असतात. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा ठोकळा, त्यात पुरलेले फाउंडेशन बोल्ट आणि त्या बोल्टांची जागा टोटल स्टेशन नावाचं मोजणीचं यंत्र लावून पुन्हा पुन्हा तपासणारी माणसं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, काम बंद पडलंय. पण बोल्टांचा घोळका जागेवरून बोटभर जरी सरकला, तरी तो फरक खांबाबरोबर वर चढतो. जमिनीवर ग्राइंडर मारून निभावून नेता येतं. चाळीस मीटरवर, क्रेनच्या हुकाला रुळाचा तुकडा लटकत असताना, निभावून न्यायला जागाच नसते.

मामांना हे थेर वाटायचे. ‘‘अहो, जत्रेतला आकाशपाळणा एका रात्रीत उभा राहतो,’’ ते म्हणायचे. खरंच राहतो. पाळणेवाले ट्रक रिकामा करतात, पायांखाली लाकडाच्या चिपा सारून लेव्हल काढतात आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लागतात. त्या माणसांना मी नावं ठेवणार नाही. पाळणा उभा करणाराच दिवसभर त्याच्याजवळ बसून असतो, त्याचा आवाज बदलला की त्याला कळतं. शिवाय आठवड्याने पाळणा खोलायचाच असतो, म्हणजे प्रत्येक पिन आणि प्रत्येक जोड हाताखालून जातो. कोस्टरचा सांगाडा एकदा उभा राहिला की वर्षानुवर्षं तसाच उभा. जमिनीखालचं काम मग कोणी बघत नाही, म्हणून ते आधीच एवढं बघून घेतात.

२. पाइप वाकवणं जमतं, जुळवणं अवघड

नायट्रो बनवला ‘बोलिगर अँड माबियार’ या स्विस कंपनीने. या धंद्यात तिला ‘बी अँड एम’ म्हणतात. १९८८ साली दोन इंजिनिअरांनी काढलेली ही कंपनी माँते नावाच्या छोट्या गावातून चालते. त्यांच्या कोस्टरचे रूळ घडतात ते अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या बटाव्हियाच्या कारखान्यात. तुकडे तिथून वाकवूनच येतात. त्यांच्यावर नंबर असतात आणि साइटवर काम उरतं ते नंबर लावून बोल्ट आवळण्याचं.

हे ऐकून मामा दुखावले. ‘‘साहेब, पाइप तर आपणही वाकवतो. एवढ्या लांबून कशाला आणायचा?’’ हा प्रश्न भोसरी, तळवडे, चाकणच्या कुठल्याही फॅब्रिकेटरला पडेल, आणि त्याचा राग रास्त आहे. आपल्या पट्ट्यात बजाज, टेल्को, महिंद्रा, फोक्सवॅगन यांना माल पुरवून दोन-तीन पिढ्यांचे हात तयार झालेत. एक पाइप एका दिशेला वाकवायला आपल्याला कोणाच्या शिकवणीची गरज नाही.

पण कोस्टरचा रूळ एकाच वेळी वर जातो, डावीकडे वळतो आणि स्वतःभोवती पीळ खातो. दोन रूळ, त्यांच्यामधले आडवे तुकडे आणि खालचा पेटीसारखा कणा, हे सगळं त्या पिळाबरोबर वळलं पाहिजे. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाची फ्लँज हवेत नेमक्या जागी, नेमक्या कोनात संपली पाहिजे, कारण पुढचा तुकडा तिथूनच सुरू होतो. त्यातून आणखी एक खोच अशी की पीळ देताना गाडी रुळाभोवती फिरवत नाहीत. बसलेल्या माणसाच्या छातीच्या आसपास एक रेषा धरतात आणि रूळ त्या रेषेभोवती फिरवतात. तसं केलं नाही तर प्रत्येक पिळात डोकं फेकलं जाईल.

खरा फरक मला पुढे लक्षात आला, तो हुशारीचा नाही. चाकणची सगळी विद्या एकच तुकडा लाखो वेळा तसाच काढण्याची आहे. जिग बनवा, पहिला पीस पास करून घ्या, मग शिफ्टमागून शिफ्ट तोच पीस. कोस्टरमध्ये दोन तुकडे सारखे सापडणं मुश्कील. प्रत्येक पीस हाच पहिला आणि हाच शेवटचा. ज्या कारखान्याचं पोट अशाच एकेकट्या तुकड्यांवर भरतं, त्यालाच ते परवडतं. मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘रेट काय मिळत असेल हो त्यांना?’’

३. लूप गोल नसतो

लांबून बघा, लूपचा आकार थेंबासारखा दिसेल. खाली पसरट, वर आवळलेला. नजर चुकत नाही, तो तसाच असतो.

१८९५ साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर ‘फ्लिप फ्लॅप’ नावाचा कोस्टर होता. त्याचा लूप अगदी वर्तुळासारखा होता आणि लोक माना धरून उतरत. हिशेब साधा आहे. गोल लूपमध्ये गाडी माथ्यावर जेमतेम टिकेल एवढाच वेग ठेवला, तरी तळाशी शरीरावर आपल्या वजनाच्या सहापट भार येतो. सरळ रुळावरून गाडी गोलाईत शिरते त्या क्षणी तो एकदम आदळतो. म्हणून पुढची कित्येक दशकं लूपच्या वाटेला फारसं कोणी गेलं नाही. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या ‘मॅजिक माउंटन’मध्ये जर्मन इंजिनिअर वेर्नर श्टेंगल यांनी तळाची त्रिज्या मोठी, माथ्याची लहान असा लूप वापरला आणि भार मानेवर न आदळता अंगावरून गेला.

ही रेषा परकी नाही. रेल्वेच्या वळणात आणि हायवेच्या रॅम्पमध्ये तीच असते. सरळ रस्ता एकदम गोल होत नाही, हळूहळू आवळत जातो, म्हणून स्टिअरिंग झटका न देता फिरवत नेता येतं. एक्सप्रेसवेवरून खोपोलीला उतरताना हातांना जे कळतं, ते नायट्रोमध्ये पाठीला कळतं.

४. चाकं तीन बाजूंना

पडत कशी नाही, असं पार्कच्या रांगेत हमखास कोणीतरी विचारतं. गाडीला चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खालीसुद्धा असतात. खालच्या चाकाचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकी माणसाने १९१९ च्या सुमारास घेतलं. गाडी रूळ तीन बाजूंनी पकडूनच असते, मग उलटी करा, काही करा. चाकांवर रबर नसतं, पॉलियुरेथेन असतं, आपल्याकडच्या वेंडरांच्या भाषेत पीयू. याहून जास्त सांगण्यासारखं यात नाही.

५. उतार फुकट असतो

नायट्रोमध्ये बसणाऱ्याला वाटतं, केवढं मोठं इंजिन असेल. गाडीला इंजिनच नाही. साखळी तिला वर ओढते, साधारण चाळीस मीटर, आणि सोडून देते. पुढचं सगळं उताराचं देणं. चाळीस मीटरवरून सुटलेल्या वस्तूचा तळाशी वेग किती, हे अकरावीच्या भौतिकशास्त्रातलं गणित आहे. सेकंदाला अठ्ठावीस मीटर, म्हणजे ताशी शंभराच्या आसपास. या सूत्रात वजन येतच नाही. गाडी भरलेली असो वा रिकामी, पहिला उतार दोघींना जवळपास सारखाच वेग देतो.

म्हणजे वेगासाठी मोजायचा खर्च एक साखळी, एक मोटर आणि मोटरचं वीजबिल. बाकीचा सगळा पैसा त्या वेगाला वळवण्यात, आवरण्यात आणि थांबवण्यात जातो. साखळीवर चढताना जो टक-टक आवाज येतो, तो खालच्या दातांवर पडणाऱ्या खिळीचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून ती असते. लोकांना त्या आवाजाने धडधडतं. मला त्यानेच बरं वाटतं.

ब्रेकची तऱ्हा बघण्यासारखी आहे. गाडीच्या पोटाखाली धातूची लांब पट्टी असते आणि रुळामधल्या जबड्यांनी ती पकडली की गाडी थांबते. हे जबडे मिटायला हवा लागत नाही, उघडायला लागते. कंप्रेसर बंद पडला, पाइप फुटला, वीज गेली, तर स्प्रिंग आपोआप जबडे मिटवते. पिंपरीच्या कुठल्याही ट्रकच्या मेकॅनिकला हे नवीन नाही. मोठ्या ट्रकच्या मागच्या चाकांवर हीच युक्ती असते, हवा गेली की स्प्रिंग चाक धरते. मामांनी कोस्टरबद्दल पहिल्यांदा चांगला शब्द काढला तो हे ऐकून.

आणि हे सगळं उभं कुठे आहे, तर बोर घाटाच्या पायथ्याशी. उताराशी झगडायचा सराव या डोंगराला दीडशे वर्षांहून जुना आहे. घाटातली रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तिचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालवून काम तडीला नेलं. सदतीस फुटांना एक फूट असा तो चढ. तो चढवायला मागून जादा इंजिनं लावतात, हे आपण कर्जतला वडा खाताना बघतोच. उतरतानाची व्यवस्था मात्र फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. घाट उतरणाऱ्या गाडीला वाटेत थांबावं लागतं. थांबली, तरच पुढचा मुख्य मार्ग मिळतो. ब्रेक लागत नसतील आणि ती थांबलीच नाही, तर सांधा तिला आपोआप बाजूच्या चढत्या रुळावर नेतो आणि चढच तिला थांबवतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. म्हणजे पुढे जायची परवानगी कोणाला, तर ज्याला थांबता येतं त्याला.

त्याच डोंगरातून आता एक्सप्रेसवे उतरतो, आणि चाकणचा माल भरलेले ट्रकवाले डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात. मग ब्रेक तापतात आणि खोपोलीच्या अलीकडे काय होतं ते आपण पेपरात वाचतो. फुकट मिळालेल्या उताराची किंमत कोणीतरी मोजतंच. पार्कात ती तिकिटात धरलेली असते.

६. एका घरात एकच गाडी

बघणाऱ्याची भीती पडण्याची असते. बांधणाऱ्याची भीती वेगळी, एका गाडीने दुसरीला धडकण्याची. मोठ्या कोस्टरवर एका वेळी एकाहून जास्त गाड्या फिरतात. म्हणून रेल्वेच्या सिग्नलसारखे रुळाचे भाग पाडतात. एका भागात एकच गाडी. पुढचा भाग रिकामा असल्याचं सेन्सरने सांगितलं, तरच मागची सुटते. नाहीतर ती आधीच्या ब्रेकवर उभी.

इंग्लंडच्या अल्टन टॉवर्स पार्कातल्या ‘स्मायलर’ कोस्टरवर २ जून २०१५ ला काय झालं, ते आपल्या पट्ट्यातल्या प्रत्येक सुपरवायझरने वाचावं. एक रिकामी गाडी रुळावर अडकून पडली होती. यंत्रणेने ते बरोबर ओळखलं आणि मागची माणसांनी भरलेली गाडी रोखून धरली. तिथल्या माणसांना वाटलं, रूळ मोकळा आहे, सिस्टिमच उगाच अडतेय. त्यांनी तिला बाजूला सारून गाडी सोडली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. पुढच्या वर्षी कोर्टाने चालवणाऱ्या कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड केला. स्टील, वेल्ड, ब्रेक, सगळं चोख होतं.

हे वाचलं तेव्हा मला पॉवर प्रेस आठवल्या. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा पडदा असतो. हात आत असेल तर प्रेस खाली येत नाही. टार्गेट वाढलं की कोणीतरी शहाणा त्या पडद्याचं कनेक्शन जोडून टाकतो आणि तासाचे नग वाढतात. असे जोडलेले पडदे मी एकापेक्षा जास्त शॉपमध्ये बघितलेत, आणि बोटं गेलेले ऑपरेटरही. माझ्या पद्धतीत तेव्हापासून एक बदल झाला. ऑडिटला गेलो की आधी कागद मागत नाही, पॅनल उघडायला सांगतो. आत कुठे वायरचा नवा लाल तुकडा दिसतोय का, ते बघतो.

७. आधी पाण्याची माणसं बसतात

पार्क एप्रिल २०१३ मध्ये उघडलं, तेव्हा नायट्रो सुरू नव्हता. त्याच वर्षी तो नंतर सुरू झाला. मधे खोपोलीचा पाऊस. ज्याने तो पाऊस पाहिलाय त्याला उंचावरचं काम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. तिकिटं विकायला सुरुवात झालेली असताना मुख्य आकर्षणाला ‘थांब’ म्हणणं सोपं नसतं. आपल्याकडे उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि काम तिच्यामागे धावतं. पिंपरी-चिंचवडला राहणाऱ्याला त्याची उदाहरणं मागायची गरज नाही.

कोस्टर पुरा झाल्यावर आधी माणसाच्या पसरलेल्या हातापायांच्या मापाची चौकट गाडीवर बांधतात आणि सगळ्या रुळावरून ओढत नेतात. कुठे खांबाला, कुठे जिन्याला घासते का, ते कळतं. मग रिकामी गाडी. मग पाण्याने भरलेले पुतळे. पाणी सोयीचं, हवं तेवढं भरता येतं, नको तेव्हा सोडून देता येतं. गाडीवर मीटर लावून प्रत्येक वळणाचा भार मोजतात आणि कागदावरच्या आकड्याशी ताडून बघतात. नवी चाकं, नवे बेअरिंग सुरुवातीला जड जातात, त्यामुळे गाडी एखाद्या खोलगट जागी अडकून मागेपुढे झुलत राहू शकते. तशी अडकली तर तिला ओढून काढावी लागते. पुढे रुळल्यावर तीच गाडी जोरात पळते, दुपारच्या उन्हात सकाळपेक्षा जास्त. मग ब्रेकचं सेटिंग पुन्हा बघा.

८. उघडल्यावर काम सुरू होतं

बोल्ट आवळून झाला की नट आणि बोल्ट दोन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढतात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. कुठल्याही स्टीलच्या सांगाड्याखाली उभे राहिलात तर मान वर करून त्या रेघा शोधा. त्या नसतील, किंवा वरून सगळीकडे सारखा रंग फासला असेल, तर मी तिथे मुलांना बसवत नाही. मुलीने याबद्दल माझ्याशी जत्रेत अबोला धरलेला आहे.

पुन्हा पुन्हा ताण पडून लोखंडात जी चीर जाते, ती डोळ्याला दिसते तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. अहमदाबादला कांकरिया तलावाजवळ जुलै २०१९ मध्ये लंबकासारखा झुलणारा पाळणा मधूनच तुटला आणि माणसं गेली. म्हणून चांगल्या पार्कात रोज गेट उघडण्याआधी माणूस रुळाच्या कडेने चढून जातो, आणि ठरलेल्या वेळी वेल्ड घासून तपासले जातात. हे काम कंटाळवाणं आहे. माझं पोट त्याच्यावर चाललं, म्हणून हक्काने सांगतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

आणि हे काम पैशाच्या चणचणीतही थांबवता येत नाही. इमॅजिकावर कर्जाचा बोजा वाढला आणि २०२२ मध्ये पार्क संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. मालक बदलला, तरी सकाळचा चढून जाणारा माणूस लागतोच.

९. बसायचं कुठे

नायट्रोच्या गाडीला पायाखाली फळी नाही. स्टेशनात असते ती जमीन निघण्याआधी बाजूला सरकते आणि पाय लोंबकळतात. पहिल्या रांगेत समोर काहीच नसतं, म्हणून तिथे नजरेची मजा. शेवटच्या रांगेत अंगाची. पुढचे डबे माथा ओलांडून खाली ओढत असतात, त्यामुळे मागच्यांना माथ्यावरून वेगाने खेचलं जातं आणि माणूस खुर्चीतून उचलला जातो. मधली रांग त्यातल्या त्यात सौम्य.

आम्ही गेलो तेव्हा मुलगी पहिल्या रांगेसाठी वेगळ्या लाइनीत तासभर उभी राहिली. मी मागे बसलो. मामा, वय आणि पाठ सांभाळून, मधे. उतरल्यावर मुलगी त्यांना विचारत होती, मामा, कसं वाटलं, डोळे उघडे ठेवले होते ना?

‘‘ठेवले की,’’ मामा म्हणाले, ‘‘जॉइंट कुठे कुठे आलाय ते मोजत होतो. लूपमध्ये मात्र मोजणी चुकली. परत बसावं लागेल.’’